न ऐकू येणारं मोटारीचं दार: चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' सोप्या भाषेत

चार्ली चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' हा १९३१ चा पिक्चर मूकपट आहे, म्हणजे कोणी बोललेला एक शब्दही त्यात ऐकू येत नाही, आणि तरी त्याची अख्खी गोष्ट एका आवाजावर उभी आहे. मोटारीचं दार बंद होतं तो आवाज. तो आपल्याला ऐकू येत नाही, फुलं विकणाऱ्या एका आंधळ्या मुलीला येतो, आणि तिथून पुढचा सगळा घोळ सुरू होतो. चॅप्लिनबद्दल बोलताना लोक सरळ म्हणून टाकतात की तो हट्टी होता, बोलपट आला तरी मूकपट काढत बसला, काळाच्या मागे राहिला. मला हे अजिबात पटत नाही. त्या चार-पाच वर्षांत हॉलीवूडमध्ये आवाज म्हणजे काय, तो कधी हवा आणि कधी नको, याचा सगळ्यात खोल विचार जर कोणी केला असेल तर तो याच माणसाने केला असं माझं ठाम मत आहे. आता हे कळायला आधी थोडं तांत्रिक समजून घ्यावं लागेल, पण अवघड काही नाही.

१९२७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉर्नर ब्रदर्सचा 'द जाझ सिंगर' आला आणि सगळं उलटंपालटं झालं. खरं बघायला गेलं तर तो पूर्ण बोलपट नव्हताच, बराचसा मूकच होता, मध्येमध्ये गाणी आणि थोडंसं बोलणं, पण पडद्यावरचा माणूस बोलतोय हे बघून लोक वेडे झाले. त्यामागच्या यंत्रणेचं नाव होतं व्हिटाफोन. यात आवाज फिल्मवर नसायचाच, तो असायचा १६ इंची मोठ्या तबकडीवर, जी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घ्यायची आणि एका रीळाला म्हणजे साधारण ११ मिनिटांना पुरायची. प्रोजेक्टर आणि तबकडी एकमेकांना जोडलेले, दोघं एकत्र सुरू झाले तर ओठ आणि आवाज जुळणार. पण मध्ये कुठे फिल्म तुटली आणि ऑपरेटरने दोन-चार फ्रेम कापून पुन्हा चिकटवली, किंवा सुईने खाच सोडली, की पुढे माणसाचं तोंड एकीकडे आणि बोलणं भलतीकडे. म्हणून मग दुसरी पद्धत पुढे आली, आवाज थेट फिल्मच्या कडेलाच एका बारीक पट्टीवर छापायचा. त्या पट्टीतून दिव्याचा प्रकाश जातो, पट्टी कुठे गडद कुठे फिकी असल्यामुळे तो प्रकाश कमी-जास्त होतो, त्याची वीज बनते, आणि विजेचा स्पीकरमधून आवाज होतो. फिल्म कापली तर आवाजही तेवढाच कापला जाणार, म्हणजे जुळणी बिघडत नाही. काही वर्षांतच हीच पद्धत जिंकली आणि तबकडी गेली.

शूटिंगच्या जागी मात्र हाल झाले. कॅमेऱ्याची घरघर माईक पकडायचा म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंद खोक्यात कोंडायचे, जे हलवणं म्हणजे महाकठीण काम. माईक फुलदाणीत नाहीतर टेबलावरच्या कशात तरी लपवलेला, त्यामुळे नट-नट्या तिथेच खिळून उभं राहून बोलणार. आणि विनोदी नटांसाठी सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे वेग. मूकपटात कॅमेऱ्याचा वेग पक्का नसायचा, कॅमेरामन हँडल हाताने फिरवायचा, थोडं सावकाश फिरवलं की पडद्यावर तीच हालचाल झपझप दिसायची, आणि त्या पळापळीतली, धडपडण्यातली अर्धी जादू त्या हातातच होती. आवाज आला तसं सेकंदाला २४ फ्रेम हे पक्कं झालं, कारण वेग हलला की आवाज चिरका नाहीतर जाडा होणार. म्हणजे विनोदी नटाच्या हातातलं एक मोठं हत्यार एका झटक्यात गेलं, आणि हे फारसं कोणी बोलत नाही.

बाकीच्या विनोदी नटांनी काय केलं ते बघा. हॅरोल्ड लॉइडने 'वेलकम डेंजर' मूक म्हणून शूट केला होता, तो पुन्हा आवाजासह काढला आणि १९२९ ला आणला. बस्टर कीटन १९२८ मध्ये स्वतःचं स्वातंत्र्य सोडून एमजीएम या बड्या स्टुडिओत गेला आणि तिथे त्याच्या हातातून सगळे निर्णय निसटले. चॅप्लिनचं तसं नव्हतं. १९१९ ला मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्यासोबत त्याने युनायटेड आर्टिस्ट्स काढली होती, म्हणजे पिक्चर बाजारात न्यायची कंपनी अर्धवट का होईना स्वतःची, हॉलीवूडमध्ये ला ब्रेया रस्त्यावर स्टुडिओ स्वतःचा, पैसा स्वतःचा. त्याला कोणी 'आता बोलपटच काढ' असं सांगूच शकत नव्हतं. पण म्हणून धोका कमी नव्हता, उलट बुडालं तर सगळं त्याचंच बुडणार होतं, आणि 'सिटी लाइट्स'वर जवळपास १५ लाख डॉलर गेले.

मग अडून का बसला? एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. त्याचा तो ट्रॅम्प, म्हणजे ढगळ पँट, तंग कोट, छोटी मिशी, काठी आणि हॅटवाला भटक्या, १९१४ पासून जगभर फिरत होता आणि तो कुठल्याच देशाचा नव्हता. मूकपटात संवाद लिहिलेल्या मधल्या पाट्या बदलल्या की पिक्चर जपानमध्ये चालतो, ब्राझीलमध्ये चालतो, मुंबईत चालतो. पण त्याने तोंड उघडलं की तो इंग्रजी बोलणारा, अमुक एका गावचा, अमुक एका थरातला माणूस झाला. आणि ही नुसती भीती नव्हती बरं का, बोलपट आल्याबरोबर सगळ्यांनाच हा प्रश्न पडला. हॉलीवूडवाले एकच पिक्चर स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन असा पुन्हापुन्हा शूट करायला लागले. आपल्याकडेही तेच, 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला १४ मार्च १९३१ ला, म्हणजे 'सिटी लाइट्स'नंतर जेमतेम दीड महिन्याने, आणि प्रभातने १९३२ ला 'अयोध्येचा राजा' काढला तेव्हा तो मराठीत आणि हिंदीत असा दोनदा करावा लागला. आवाजाने सिनेमाला भाषा दिली आणि त्याच आवाजाने सिनेमाभोवती कुंपणही घातलं.

दुसरं कारण कलेचं, आणि त्यासाठी गोष्ट सांगायला लागेल. एका शहरात भटक्या फिरतोय, खिशात काही नाही. त्याला एक आंधळी फूलवाली भेटते आणि तिचा समज होतो की हा कोणी श्रीमंत माणूस आहे. त्याच रात्री नदीकाठी एक खरा लखपती दारूच्या नशेत जीव द्यायला निघालेला असतो, भटक्या त्याला वाचवतो, आणि तो लखपती त्याचा जिवलग मित्र होतो, पण फक्त दारू प्यायल्यावर, सकाळी शुद्धीवर आला की त्याला हा भटक्या ओळखूच येत नाही आणि नोकराकरवी घराबाहेर काढतो. मुलीचं घरभाडं थकलंय, आणि डोळे बरे करणारा एक डॉक्टर आहे असं कळलंय. पैशासाठी भटक्या रस्ते झाडतो, बॉक्सिंगच्या रिंगणात उतरतो, शेवटी नशेतला लखपती खुशीने पैसे देतो पण शुद्धीवर आल्यावर त्याला आठवत नाही आणि भटक्यावर चोरीचा आळ येतो. तो कसाबसा पैसे मुलीच्या हातात देतो आणि तुरुंगात जातो. सुटून येतो तेव्हा तिला दिसायला लागलेलं असतं.

गोष्ट अशी चार ओळींत सांगितली की साधी वाटते, पण ती तिथवर यायला वर्षं गेली. चॅप्लिनने आत्मचरित्रात सांगितलंय की सुरुवातीला त्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी होतं. सर्कशीतला एक विदूषक अपघातात आंधळा होतो, त्याची मुलगी नाजूक तब्येतीची, तिला धक्का बसू नये म्हणून तो आंधळेपण लपवतो, आणि त्याचं ते ठेचकाळणं, धडकणं बघून मुलगी खळखळून हसते. हे फारच अंगावर येणारं झालं असतं म्हणून त्याने सोडलं, पण आंधळेपण ठेवलं आणि ते फूलवालीला दिलं. दुसरी एक जुनी कल्पना अशी की क्लबातले दोन श्रीमंत गृहस्थ गंमत म्हणून थेम्सच्या काठी झोपलेल्या एका भिकाऱ्याला उचलून आणतात, रात्रभर खाऊपिऊ घालतात, आणि पुन्हा होता तिथे झोपलेला ठेवून येतात, म्हणजे सकाळी त्याला वाटावं की स्वप्न पडलं. त्यातून तो लखपती आला. या दोन वेगळ्या गोष्टी जोडायच्या तर मधला सांधा हवा, आणि तो सांधा म्हणजे हा प्रश्न: मुलीला हा भटक्या श्रीमंत का वाटावा?

तुम्ही स्वतः एकदा विचार करून बघा. मुलगी आंधळी, भटक्याचे फाटके कपडे तिला दिसत नाहीत हे ठीक, पण दिसत नाही म्हणून कोणी समोरच्याला श्रीमंत समजत नाही. काहीतरी घडायला हवं. आणि ते भटक्याने मुद्दाम करून चालणार नाही, कारण मग तो फसवणारा ठरतो आणि आपलं मन त्याच्यावरून उडतं. या एका गाठीपाशी चॅप्लिन अडकला, महिनोन् महिने. १९२८ च्या शेवटी सुरू झालेलं शूटिंग १९३० च्या शरद ऋतूपर्यंत रेंगाळलं, त्यातले कित्येक दिवस तर काम बंद, सगळी मंडळी पगारावर बसून आणि चॅप्लिन विचार करतोय.

त्याची पद्धतच तशी होती. पूर्ण लिहिलेलं स्क्रिप्ट नाही. सेट लावायचा, नट उभे करायचे, करून बघायचं आणि तेही कॅमेरा चालू ठेवून. म्हणजे लेखक वहीत खाडाखोड करतो तशी हा फिल्मवर करायचा, आणि फिल्म तेव्हाही महागच होती. या खाडाखोडीची बरीच रिळं वाचली, आणि १९८३ मध्ये केविन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी 'अननोन चॅप्लिन' या माहितीपटात ती लोकांसमोर आणली. त्यात एक ठेवा असा आहे की चॅप्लिनचा चित्रकार मित्र राल्फ बार्टन १९२९ ला स्टुडिओत आला होता आणि त्याने स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्यावर चॅप्लिनला याच फूलवालीच्या सीनचं दिग्दर्शन करताना टिपलंय. भटक्याच्या वेशात, मिशी लावलेली, आणि तोच मुलीला फूल कसं धरायचं ते दाखवतोय, मध्येच वैतागतोय. या एका सीनचे ३४२ टेक झाले, म्हणजे तो तितक्या वेळा शूट केला, अशी गिनेसच्या रेकॉर्डमध्ये नोंद आहे. लोक हा आकडा त्याच्या वेडेपणाचा पुरावा म्हणून सांगतात, पण मला वाटतं खरी गोष्ट अशी की सीनचा पायाच सापडला नव्हता, आणि पाया नाही तोवर मुलीने फूल कसंही धरलं असतं तरी ते त्याला चुकीचंच वाटलं असतं.

आणि मग उत्तर सापडलं ते हे. रस्त्यावर गाड्यांची गर्दी, मोटरसायकलवरचा पोलीस समोर उभा, त्याला टाळायला भटक्या उभ्या असलेल्या एका आलिशान मोटारीच्या एका बाजूच्या दारातून आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूने फुटपाथवर उतरतो. दार लागतं. फुटपाथवर बसलेली मुलगी ते ऐकते, मोटारीतून साहेब उतरले असं समजते, आणि फूल पुढे करते. भटक्याचा धक्का लागून फूल खाली पडतं, तो उचलतो, पण ती अजून जमिनीवर चाचपडत असते, त्याला आधी जरा राग येतो की अगं हे काय, उचललंय ना मी, आणि मग एका क्षणात कळतं की हिला दिसत नाही. तो तिला त्याच्याकडचं शेवटचं नाणं देतो. ती सुटे पैसे काढतेय तेवढ्यात मोटारीचा खरा मालक येतो, आत बसतो, पुन्हा दार लागतं, मोटार निघून जाते. मुलीला वाटतं साहेब सुटे न घेताच गेले. भटक्या तिथेच उभा आहे, हातभर अंतरावर, आणि आता त्याला हलताही येत नाही की बोलताही येत नाही, कारण बोलला तर तिचा साहेब खोटा ठरणार. तो चवड्यावर चालत बाजूला जातो, कोपऱ्यात बसून तिच्याकडे बघत राहतो, आणि ती कळशी विसळून पाणी नेमकं त्याच्या तोंडावर फेकते.

बघा किती गोष्टी एका झटक्यात सुटल्या. खोटं भटक्या बोललाच नाही, ते मोटारीच्या दाराने बोललं. पहिल्या आवाजाने एक श्रीमंत माणूस जन्माला आला आणि दुसऱ्या आवाजाने तो निघून गेला, आणि खरा माणूस मात्र सुटे पैसे आपले राहिले तरी गप्प उभा. आता हाच सीन बोलपटात असता तर? दार 'धाड' करून वाजलं असतं, ते आपणही तिच्याबरोबर ऐकलं असतं आणि विसरलो असतो. इथे ते ऐकू येत नाही म्हणून आपल्याला तिच्या चेहऱ्यावरून ते ओळखावं लागतं, म्हणजे आपण तिच्या कानाने ऐकायला लागतो. ही करामत फक्त मूकपटातच जमते. आणि पाण्याचं ते विसळणंही उगाच नाही, डोळे भरून यायच्या आधी बरोबर एक क्षण चॅप्लिन तोंडावर पाणी मारतो, रडवायचं पण गोड-गोड होऊ द्यायचं नाही ही त्याची शिस्त पिक्चरभर आहे. लखपतीच्या आत्महत्येचा सीन आठवा, दगड बांधलेला फास चुकून भटक्याच्याच गळ्यात पडतो आणि वाचवणारा आधी पाण्यात जातो. विनोद आणि दुःख इथे आलटून पालटून येत नाहीत, एकाच हालचालीत येतात.

फूलवाली झाली व्हर्जिनिया चेरिल, इलिनॉयची विशीतली मुलगी, अभिनयाचा काहीच अनुभव नाही. चॅप्लिनने तिला बॉक्सिंगच्या सामन्याला बघितलं. तिची नजर कमी होती, लांबचं धड दिसायचं नाही, आणि त्यामुळे ती आंधळ्याचा आव न आणता, डोळे न फिरवता, शांतपणे आंधळी दिसू शकायची. बाकीच्या मुली टेस्टला डोळे पांढरे करायच्या आणि ते बघवत नसे. पण दोघांचं जमलं नाही. केशरचना करून घ्यायला लवकर जायचंय असं तिने सांगितलं आणि चॅप्लिनने तिला काढूनच टाकलं. तिच्या जागी 'द गोल्ड रश'ची हिरॉईन जॉर्जिया हेल आणून शेवटचा सीन करूनही बघितला, ती रिळं आजही आहेत आणि हेल चांगलीच करते, पण इतकं सगळं पुन्हा शूट करणं परवडणारं नव्हतं. मग चेरिलला परत बोलावलं, आणि तिने शहाणपणाने पगार दुप्पट मागून घेतला. लखपतीच्या भूमिकेतही असंच, आधी हेन्री क्लाइव्ह होता, त्याने थंड पाण्यात उडी मारायला नकार दिला, त्याला काढलं आणि हॅरी मायर्स आला. चॅप्लिनबरोबर काम करणं सोपं नव्हतं आणि तो सगळ्यांशी न्यायाने वागला असंही म्हणता येत नाही, हे त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी मान्य करायला हवं.

कॅमेरामन रॉली टोथरो, जो चॅप्लिनबरोबर तीस वर्षांच्या आसपास होता आणि ज्याचं नाव कोणी घेत नाही. कॅमेरा बहुतेक वेळा लांब आणि स्थिर, पूर्ण माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा, कारण विनोद अंगात आहे, आणि क्लोज-अप फक्त जिथे काळजाला हात घालायचाय तिथे. सेट चार्ल्स हॉलचे. ते शहर कुठलं हे कळतच नाही, थोडं लंडन, थोडं अमेरिका, आणि हेही मुद्दाम, भटक्या कुठल्याच देशाचा नाही तसं त्याचं शहरही.

बरं, आवाज नको म्हणणाऱ्या या माणसाने आवाज वापरला कसा तेही बघू. 'सिटी लाइट्स'च्या फिल्मवर आवाजाची पट्टी आहेच, त्यात संगीत आहे आणि मोजके आवाज आहेत. पहिल्याच सीनमध्ये शांती आणि समृद्धीच्या पुतळ्याचं अनावरण, पुढारी भाषण ठोकतात आणि त्यांच्या तोंडून शब्दांऐवजी नुसता पिपाणीसारखा किरकिरा सूर निघतो. कापड वर जातं तर पुतळ्याच्या मांडीवर भटक्या झोपलेला. १९३१ च्या जानेवारीत हे बघणाऱ्या अमेरिकेत बँका बुडत होत्या, नोकऱ्या जात होत्या, समृद्धीच्या कुशीत बेघर माणूस यात काय दुखतंय हे कोणाला समजवायची गरज नव्हती. पुढे पार्टीत भटक्या शिट्टी गिळतो आणि प्रत्येक उचकीला पोटातून शिट्टी वाजते, गाणाऱ्याचा मूड जातो, बाहेर टॅक्सी येऊन थांबते, कुत्री गोळा होतात. म्हणजे आवाज हा माणसाच्या ताब्यात नसतो, नको तिथे निघतो, हा त्यातला विनोद. माझ्या मते आवाजाबद्दल यापेक्षा जास्त विचार त्या वर्षीच्या बडबड्या पिक्चरांत सापडणार नाही.

संगीतही चॅप्लिनचंच, आणि गंमत बघा, त्याला नोटेशन वाचता-लिहिता येत नव्हतं. तो गुणगुणायचा, पियानोवर सूर शोधायचा, आणि आर्थर जॉन्स्टन ते उतरवून घ्यायचा, वाद्यवृंद चालवला आल्फ्रेड न्यूमनने. चॅप्लिनचं म्हणणं असं की विनोदी सीनला विनोदी संगीत नको, नाजूक आणि रोमँटिकच हवं, हसू आपोआप उठून दिसेल. फूलवालीची धून मात्र त्याची नाही, ती होसे पादिया या स्पॅनिश संगीतकाराच्या 'ला व्हिओलेतेरा' गाण्याची, आणि नाव दिलं नाही म्हणून पादियाने कोर्टात खेचलं आणि जिंकलाही. चूक चॅप्लिनची होती.

आता शेवटचा सीन. हा शेवट चॅप्लिनच्या डोक्यात खूप आधीपासून पक्का होता, सगळा पिक्चर त्या दिशेने बांधत नेलाय. भटक्या तुरुंगातून सुटलाय, आधीपेक्षा फाटका, काठीसुद्धा नाही. पेपर विकणारी पोरं त्याला छळताहेत (त्यातला एक पोरगा रॉबर्ट पॅरिश, पुढे मोठा एडिटर आणि डायरेक्टर झाला). त्याला गटारात पडलेलं एक फूल दिसतं, तो उचलतो, वळतो, आणि काचेपलीकडे ती बसलेली, आता फुलांच्या दुकानाची मालकीण, डोळस. ती त्या ध्यानाकडे बघून हसते. बाहेर येते, त्याला एक चांगलं फूल आणि एक नाणं द्यायला. तो पळायला बघतो, ती त्याचा हात धरते आणि नाणं तळहातावर ठेवते, आणि बोटं थांबतात. हात ओळखतात. हळूहळू ती बोटं मनगटावरून, बाहीवरून, कोटाच्या कॉलरपर्यंत जातात. 'तुम्ही?' तो मान हलवतो, स्वतःच्या डोळ्याकडे बोट करून विचारतो, आता दिसतं ना तुला? ती म्हणते, हो, आता दिसतं. पिक्चर संपला.

इथे एक गोष्ट नीट पकडा. तिला दिसायला लागलंय आणि तरी तिने त्याला डोळ्यांनी ओळखलं नाही, उलट डोळ्यांनी बघितलं तेव्हा ती हसली. ओळखलं हाताने. लखपतीचंही तेच, शुद्धीत असताना त्याला हा माणूस दिसत नाही, नशेत दिसतो. या शहरात भटक्याला माणूस म्हणून बघणारी दोनच माणसं आणि दोघंही तेव्हाच बघू शकतात जेव्हा त्यांची नजर 'नीट' नसते. आणि बोलपट असता तर लेखकाला तिने आवाजावरून ओळखलं असंच दाखवावं लागलं असतं, आंधळ्या माणसाचं ते पहिलं साधन. पण आपण त्याचा आवाज कधी ऐकलेलाच नाही, म्हणून स्पर्शाला जागा मिळाली. चॅप्लिनने पुढे एका मुलाखतीत सांगितलं की त्या क्षणी तो अभिनय करत नव्हता, स्वतःच्या बाहेर उभा राहून फक्त तिच्याकडे बघत होता. ३० सेकंद त्याच्या चेहऱ्याकडे बघा, दाताशी धरलेली बोटं, त्यात आनंद आहे, लाज आहे, आणि आता ही काय म्हणेल याची भीती आहे. ती त्यापुढे काय म्हणेल ते आपल्याला कळत नाही. समीक्षक जेम्स एजीने १९४९ मध्ये या सीनला सिनेमातला अभिनयाचा सर्वोच्च क्षण म्हटलं, आणि मला तरी त्यात काही जास्तीचं वाटत नाही.

३० जानेवारी १९३१ ला लॉस एंजेलिस थिएटरमध्ये पहिला खेळ झाला, अगदी नवंकोरं थिएटर, चॅप्लिनच्या शेजारी आइन्स्टाइन आणि त्यांची पत्नी. तिसऱ्या रीळानंतर पिक्चर अचानक बंद, दिवे लागले, आणि लाउडस्पीकरवरून थिएटरच्या सजावटीचं कौतुक सुरू झालं, लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे पिक्चर पुन्हा सुरू. न्यूयॉर्कमध्ये वितरकांना मूकपटाची खात्री नव्हती म्हणून चॅप्लिनने जॉर्ज एम. कोहन थिएटर स्वतः भाड्याने घेतलं, जाहिरात स्वतः केली, आणि तिथे तो पिक्चर आठवडेच्या आठवडे चालला. फेब्रुवारीत लंडनच्या डॉमिनियन थिएटरला नाटककार बर्नार्ड शॉ त्याच्या शेजारी होते. जगभरातून खर्चाच्या कितीतरी पट पैसा आला. ऑस्करला मात्र एक नामांकनसुद्धा नाही.

'सिटी लाइट्स'नंतर चॅप्लिन जगदौऱ्यावर निघाला, त्यातच २२ सप्टेंबर १९३१ ला लंडनच्या कॅनिंग टाउन भागात डॉ. कटियाल यांच्या घरी तो गांधीजींना भेटला, गांधीजी गोलमेज परिषदेसाठी आले होते आणि त्यांनी त्याचा एकही पिक्चर पाहिलेला नव्हता. बोलणं झालं ते यंत्रांवर, यंत्रं वाईट का, असं चॅप्लिनने विचारलं आणि गांधीजींनी यंत्रांमुळे हिंदुस्थान इंग्लंडवर कसा अवलंबून झाला ते समजावलं. पाच वर्षांनी 'मॉडर्न टाइम्स' आला, यंत्रात अडकलेल्या माणसाचा, आणि तोही जवळपास मूकच. त्यात भटक्या पहिल्यांदा गळा मोकळा करतो, एक गाणं म्हणतो, पण ते कुठल्याच भाषेत नाही, फ्रेंच-इटालियन वाटावेत असे अर्थहीन शब्द. सरळ शब्दांत चॅप्लिन बोलला थेट १९४० ला 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये, हिटलरच्या विरोधात, आणि तेव्हा मात्र शेवटी कॅमेऱ्याकडे तोंड करून कितीतरी मिनिटं बोलत राहिला.

'सिटी लाइट्स' दीड तासाच्या आतला पिक्चर आहे. घरात लहान पोरं असतील, इंग्रजी न कळणारे आजी-आजोबा असतील तर त्यांना आवर्जून सोबत बसवा, पाट्या फार थोड्या आहेत, कोणीतरी वाचून दाखवल्या की झालं. मोबाईलवर नको, मोठ्या पडद्यावर बघा, कारण त्या लांबून घेतलेल्या सीनमध्ये पायांकडे बघायचं असतं.